अर्धी सावड

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी दुसऱ्याला कामाला लावण्यात आमच्या मावशींचा हात धरणारं माणूस सापडायचं नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण लोकांना कामाला लावणं हाच माझा धंदा आहे. खालापूरकडच्या एका रिसॉर्टवर मी मॅनेजर आहे. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी आणि हाताखाली चांगली तीसेक माणसं. त्या सगळ्यांना इतक्या वर्षांत मी जेवढं पळवलं नसेल तेवढं मावशींनी मला एकट्याला पळवलं, आणि गंमत म्हणजे कामावर मीच त्यांना ठेवलं होतं. त्या आमच्या मुलीला सांभाळायला यायच्या.

आमच्या भागातली एक अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. मुंबई-पुण्याला सुट्टी लागली की आमच्याकडे काम लागतं. शनिवारी सकाळपासून गाड्यांची रांग लागते ती रविवारी संध्याकाळपर्यंत. मला आठवड्याची सुट्टी मंगळवारची. बायको कर्जतच्या दवाखान्यात नर्स, तिची सुट्टी तिच्या मेट्रनच्या मर्जीवर. ईरा दीड वर्षाची झाली आणि बायकोची रजा संपली, तेव्हा शनिवार-रविवारीसुद्धा मूल सांभाळणारी बाई शोधायची पाळी आली. पण ज्या बायका सांभाळू शकतील अशा होत्या, त्या सगळ्या शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या फार्महाऊसवर भाकऱ्या थापत होत्या. त्यांतल्या निम्म्यांना तिथे लावणारा मीच होतो. आम्ही राहतो त्या भिसेगावातच, जुन्या आळीत, मावशी राहतात असं दूधवाल्याकडून कळलं आणि मी निरोप धाडला.

मुलाखतीची तयारी मी जय्यत केली होती. बाई ठेवताना कामाचे तास कसे ठरवावेत, पगाराचं आधीच स्पष्ट कसं बोलावं, सुट्टीच्या दिवसाचा दर वेगळा कसा लावावा, हे सगळं मोबाइलवर वाचून झालं होतं. मावशी आल्या. बेल वाजवली नाही, कारण बेल वाजवायला हात लागतो आणि हाक मारायला काही लागत नाही, असं त्यांचं मत. खालूनच "हायस का रं घरात?" अशी आरोळी आली आणि सगळ्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. वर येऊन त्या खुर्ची सोडून जमिनीवर बसल्या, ईराला मांडीवर घेतलं आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच माझी मुलाखत सुरू केली.

"रातीची पोर रडली तं उठतं कोन?"

मी बायकोकडे पाहिलं. बायको मोठ्या उत्सुकतेने माझ्याकडे पाहत होती.

"समजलं," मावशी म्हणाल्या. "तुज्या हाटेलात माळ्याला काय देतोस?"

मी आकडा सांगितला.

"झाडं काय पळत नाय रं. माजा त्याच्यावर ठेव."

यावर मोबाइलमध्ये काही उत्तर नव्हतं. पगार ठरला. तासांचं मी 'आठ ते सहा' म्हणालो, तर त्यांनी ते हाताने माशी वारावी तसं वारलं. "नळाचं पानी भरलं की येन. तुजी बायको घरात शिरली की जान. मधे घड्याल बघायला मी काय इस्टेशन मास्तर हाय?" आता उरला शनिवार-रविवार. मी घसा साफ केला आणि त्या दोन दिवसांचे जास्तीचे पैसे किती, यावर आलो. मावशींनी मान हलवली.

"शनवार-आयतवारचे पैशे मी घेत नाय. त्या दोन दिसांची आपली सावड."

सावड म्हणजे आज तुझ्या शेतात मी राबायचं, उद्या माझ्या शेतात तू. भाताच्या मुलखात लावणी-कापणी अशीच निभावते. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही, दिवसाला दिवस परत करायचा. आमच्याकडे शेत नाही, बैल नाही, कुंडीतली तुळससुद्धा बायको जगवते. त्यामुळे परत काय करायचं याचा मी विचारच केला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हळूच म्हणालो, "शनिवार-रविवार फुकट!" बायको म्हणाली, "तुझे मंगळवार गेले." ती नर्स आहे, तिला लक्षणं लवकर कळतात.

मावशींचं काम करण्याचं तंत्र जगावेगळं होतं. घरात बसून मूल सांभाळता येतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. ईराला काखोटीला मारून त्या सकाळीच बाहेर पडत आणि भिसेगावातल्या घराघरांत तिची हजेरी लावत. एका घरी वरण-भात, दुसऱ्या घरी झोप, तिसऱ्या घरी कोंबड्यांची पिल्लं. सहा महिन्यांत अख्खं भिसेगाव ईराला ओळखू लागलं. मी तिथे इतकी वर्षं राहतो, पण वाण्याने मला पहिल्यांदा साखर उधार दिली ती 'ईराचा बाबा' म्हणून. ईरा हे नाव मात्र मावशींना पसंत नव्हतं. त्या तिला 'बाय' म्हणत. चहा स्वतःच्याच पेल्यात पीत. तो पेला त्यांनी आमच्या घरात अशा ठिकाणी ठेवला होता की तो आम्हाला कधी सापडला नाही. आणि बाजारात भाजी घेऊन, पैसे देऊन, घरी येऊन, निवडून झाल्यावर त्या भाव करायला परत जात. "आता कलला ना माल कसा हाय तो," असं वर सांगत.

पहिला मंगळवार पावसाळ्यात आला. "उद्या मोकला हायस ना? भावाची लावणी हाय." खालापूर रस्त्याला त्यांच्या भावाची थोडी भाताची खाचरं होती. आता इथे एक गोष्ट कबूल करणं भाग आहे. आमच्या रिसॉर्टवर पावसाळ्यात 'भातलावणीचा अनुभव' नावाचा कार्यक्रम असतो. पाहुणे चिखलात उतरतात, फोटो काढतात, वर चहा-भजी. त्या कार्यक्रमात माइक हातात घेऊन रोप कसं धरावं, किती खोल लावावं, हे पाहुण्यांना समजावून सांगणारा माणूस मी. दरवर्षी बांधावर उभा राहून सांगतो. त्यामुळे मी मोठ्या आत्मविश्वासाने गेलो. डोक्यावर रिसॉर्टची टोपी, पायात पांढरे बूट. बूट पहिल्याच पावलाला खाचराने ठेवून घेतले. मी लावलेली ओळ सुरू झाली बांधाजवळ आणि पोहोचली शेजाऱ्याच्या हद्दीत. माझ्या मागून एक म्हातारी येत होती, ती मी लावलेलं प्रत्येक रोप उपटून पुन्हा लावत होती आणि दर रोपाला काहीतरी पुटपुटत होती. शेवटी मला रोपांच्या जुड्या वाहायला लावलं, तर मी जुड्यांसकट आडवा झालो. बायकांची गाणी थांबली ती हसण्यासाठी. सुट्टी मिळवून सोबत आलेली बायको बांधावर बसून सगळ्यांचं ब्लडप्रेशर तपासत होती.

संध्याकाळी मावशींनी बायकोकडे बोट करून निकाल दिला. "हिची पुरी धरू. तुजी अर्धी."

"अर्धी?" मी चिखलातूनच विचारलं.

"अर्ध्या दिसात तं तू पडलेलाच व्हतास."

पुढे मंगळवारांची रांगच लागली. त्यांच्या पुतण्याला मुलगी बघायला गेलो, कारण 'आपल्याकडं बोलनारा मानूस पायजे'. तिथे मी इतका बोललो की मुलीच्या बापाने मलाच विचारलं, तुमचं लग्न झालंय का. त्यांच्या नवऱ्याला डोळे तपासायला नेलं. हळदीला पाणी भरलं. एका मंगळवारी मावशी माहेरी गेल्या आणि त्यांच्या सासूला सांभाळायला मला बसवलं. सासूबाईंना ऐकू येत नव्हतं आणि मी कोण हे समजत नव्हतं. त्या दिवसभर मला कुणी बंडू समजून भात वाढून घेत होत्या, आणि मी जरा दाराशी गेलो की घाबरून हाका मारत होत्या. मी चहा प्यायला उठू शकलो नाही. मावशी परतल्या तेव्हा नळाला संध्याकाळचं पाणीही येऊन गेलं होतं आणि मी कामाचे तास या विषयावर पुन्हा कधी बोललो नाही.

आणि मग आमच्या शेठना कल्पना सुचली. शेठ मुंबईचे, कल्पना त्यांना गाडीत सुचतात. पाहुण्यांना निवांत पोहता यावं म्हणून शनिवार-रविवारी मुलं सांभाळणारी खोली काढायची. बाया गावातल्याच हव्यात, प्रेमळ, मावशी टाइप. "तुमच्या ओळखीत कुणी आहे का हो?" शेठनी विचारलं. मी म्हणालो, "छे! एवढ्या कर्जतमध्ये कुणी नाही." हे सांगताना माझा चेहरा अत्यंत प्रामाणिक होता. मावशी गेल्या की माझे शनिवार-रविवार गेले, आणि शनिवार-रविवार गेले की मॅनेजरकी गेली, एवढं सरळ होतं ते.

मुलाखतींच्या दिवशी शेठ खुर्चीत बसले होते, शेजारी मी. पहिल्याच आत आल्या त्या मावशी. ठेवणीतली हिरवी साडी, केसांत अबोली, आणि कडेवर ईरा, कारण वार गुरुवार होता आणि मावशी त्या वेळी आमच्याच कामावर होत्या. ईरा मला पाहून जोरात ओरडली, "बाबा!"

"ही तुमची मुलगी?" शेठ.

"हो," मी म्हणालो.

"आणि या?"

"यांची ओळख आत्ता होतेय," असं काहीतरी माझ्या तोंडून गेलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेठनाच कामाला ठेवायचं असावं तशी त्यांनी शेठची मुलाखत सुरू केली. "एका बाईला पोरं किती?" शेठ म्हणाले, येतील तेवढी. "मंग शेल्या राखनारा बघा. चारच्या वर नाय." सुटायचं कधी? शेठ म्हणाले, पालक आले की. "पालक पान्यातून निगंनार कवा? सहाच्या पुढं बसवलं तं पैशे येगले. काळोख झाला तं गाडी दारापतूर." जेवण पाहुण्यांच्याच भांड्यातलं. पावसाने पाहुणे फिरकले नाहीत तरी बोलावलेल्या बाईचा दिवस भरायचा. शेठ एकेक ऐकून पाणी पीत होते. शेवटी दराचा प्रश्न आला आणि शेठ माझ्याकडे वळले. "इथला रेट काय आहे, मॅनेजर?"

मावशी आता माझ्याकडे बघत होत्या. "सांग की रं. आयतवारी पोर ठेवून जानाऱ्या मानसानं काय द्यावं?"

खोटं बोलायची उत्तम संधी होती. दर पाडून सांगितला असता तर मावशी उठून गेल्या असत्या आणि रविवारी आमच्याच घरी आल्या असत्या. मी तोंडही उघडलं होतं. पण ईरा त्यांच्या बांगड्या मोजायचा प्रयत्न करत होती आणि दोनच्या पुढे अडली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती, आणि मावशी दर वेळी हात तसाच स्थिर धरत होत्या. मी खरा दर सांगितला. वर शनिवार-रविवारचा दीडपट सांगितला. शेठचा घोट चुकला. पण शनिवार तोंडावर आला होता, ते कबूल झाले. 

"मग या शनिवारपासून या," शेठ म्हणाले.

"मी?" मावशी उठल्या. "माजे शनवार-आयतवार कवाच लागलेत. माजी सून यंल, आन आळीतल्या दोगी. तरन्या पोरी हायत, त्यांना बोलाया जमत नाय म्हनून मी आले."

संध्याकाळी मावशींना आणि ईराला मोटारसायकलवर घरी आणताना मी न राहवून विचारलं, "मावशी, तिथे दीडपट मिळतायत. आम्ही तुम्हाला रविवारचा पैसा देत नाही. आपणही तसंच करू या का?"

मावशींनी ईराला मधे नीट बसवलं. मग मावशी म्हणाल्या, "पैशे दिलेस तं मंगलवारी यंशील?"

मी गाडी चालवत होतो, ते बरं झालं. रस्त्याकडे बघायचं निमित्त मिळालं.

ईरा आता चौथीत आहे. शनिवार-रविवारी ती मावशींकडे स्वतःच्या पायांनी जाते आणि त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळून देते, म्हणजे सावड आता तिसऱ्याच माणसाने सुरू केली आहे. सासूबाई गेल्या, शेवटपर्यंत त्यांनी मला बंडूच म्हटलं. भावाने खालापूर रस्त्याची खाचरं गेल्या साली विकली. माझे बूट ज्या चिखलात गेले तिथे आता कुणाचा तरी बंगला उभा राहतोय, आणि तिथून जाताना मी अजून गाडी हळू करतो.

परवाच्या मंगळवारी मावशींच्या ओट्यावर बसलो होतो. काम काही नव्हतं. आताशा नसतंच. मी म्हणालो, "मावशी, ती माझी लावणीची अर्धी राहिली ना? आता खाचरंच गेली. ती कशी फेडायची?"

मावशी गुडघा चोळत हसल्या. "ती मी मागनार नाय. ती ऱ्हाऊ दे तुज्यावर."

मग आत वळून त्यांनी सुनेला हाक मारली आणि माझा चहा आमच्या घरात कधी न सापडलेल्या त्यांच्या त्या पेल्यात आणायला सांगितला.