रजिस्टरातला रिकामा रकाना

बबन गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं, आणि कळवणारे होते आमच्या कंपनीचे आयटी साहेब. ‘अत्यंत दुःखद’ आणि पुढे जोडलेले हात. ज्या माणसानं बबनला शेवटचं वर्षभर गेटपासच्या खिडकीत बसवून ठेवलं, तोच सगळ्यांच्या आधी हात जोडून हजर... मी मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि सांगवीतल्या माझ्या स्वयंपाकघरात एकटीनंच एक सणसणीत शिवी हासडली. त्याला आता पाच आठवडे झाले. राग तसूभरही उतरलेला नाही, तेव्हा हा लेख हळुवार असेल अशी अपेक्षा ठेवू नका. मी रिटायर झालेय, मला मेमो द्यायला आता कुणी उरलेलं नाही.

चाकणजवळच्या त्या कारखान्यात मी डिस्पॅचला होते आणि बबन सर्व्हर सांभाळायचा. ऑर्डरी, चलनं, बिलं, सगळं त्या एका सर्व्हरवर. तो बसला की गेटवरचा ट्रक हलत नाही. म्हणून त्याची नक्कल रोज घेतली जायची आणि सॉफ्टवेअर रोज सकाळी हिरवी खूण दाखवायचं, बॅकअप व्यवस्थित. बबनचा त्या खुणेवर काडीचा विश्वास नव्हता. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो भंगारातून एक कॉम्प्युटर उचलून आणायचा, पार कोरा करायचा आणि त्या नकलेवरून आमची अख्खी सिस्टीम त्याच्यावर पहिल्यापासून उभी करायचा. मग मला हाक. “ताई, या, तुमची चलनं जुळतात का बघा.” मी माझ्या फायलीतली तीन जुनी चलनं घेऊन जायची आणि पडद्यावर शोधायची. जुळली की त्याच्या लांबोडक्या रजिस्टरात चाचणी घेणारा म्हणून त्याचं नाव, पडताळणीला माझी सही. एकदा मी वैतागून म्हटलं, रोज हिरवं दिसतंय की रे बाबा, कशाला हा खटाटोप? त्याच्या घरी कांद्याची शेती, साठवायला चाळ. तो म्हणाला, “ताई, चाळीतला कांदा वरनं बघून कळतो व्हय? खालनं हात घालून काढाया लागतो.” अकरा वर्षं मी त्या शनिवारांना कुरकुरत गेले. आता वाटतं, थोडं कमी कुरकुरायला हवं होतं.

मग हे साहेब आले. मोठ्या कंपनीतून आलेले, बोलणं गुळगुळीत. महिन्यातला अर्धा दिवस फुकट जातो म्हणून त्यांनी चाचण्या बंद केल्या. नक्कल उघडायचा परवलीचा शब्द बबननं कागदावर लिहून, पाकिटात घालून, आम्हा दोघांच्या सह्या करून लोखंडी कपाटात ठेवला होता. कागदावर पासवर्ड म्हणजे अडाणीपणा, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. पाकीट फाडलं आणि तो शब्द एका फायलीत टाकून सर्व्हरवर ठेवला. त्याच सर्व्हरवर! बबन म्हणाला, “साहेब, किल्ली घरात ठेवून कुलूप लावताय.” त्यावर साहेब हसले, आणि बाकीचेही हसले. त्या हसणाऱ्यांत मी नव्हते, पण मी गप्प होते, हेही लिहून टाकते. पुढं एक जरी शनिवार पाळला असता तरी ही चूक त्याच दिवशी उघडी पडली असती.

बबननं रजिस्टरात ओळ लिहिली : ‘साहेबांच्या तोंडी आदेशावरून चाचण्या बंद. परवलीचा शब्द सर्व्हरवरच ठेवला. माझा विरोध आहे.’ शेजारी सहीचा रकाना. साहेबांनी सही केली नाही, उलट उद्धटपणाचा मेमो दिला आणि त्याला गेटवर धाडलं. रजिस्टर रद्दीत टाका म्हणाले, ते बबननं घरी नेलं. पुढं भेटला की मी कंपनीला शिव्या घालायची आणि तो एवढंच म्हणायचा, “मेमोचं काय न्हाई ताई. उद्या काय झालं तर माझ्यावर येऊ ने, एवढी सही पायजे होती.” ती सही मिळाली नाही. एका सकाळी ड्यूटीला निघताना, बूट घालता घालता गेला. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

कॅन्टीनमधल्या शोकसभेत साहेब म्हणाले, “बबन जरा जुन्या वळणाचे होते, पण प्रामाणिक.” तो ‘पण’ मी घरी घेऊन आले.

पुढच्या पंधरवड्यात सर्व्हर बसला. नकला सगळ्या हिरव्या, आणि त्या उघडायचा शब्द बसलेल्या सर्व्हरच्या पोटात. साहेबांचा मला फोन, “मॅडम, ते पाकीट... तुम्हाला काही आठवतंय का?” मला आठवत नव्हतं. आठवत असतं तरी सांगितलं नसतं. पण बबन तो कुठंतरी लिहून ठेवल्याशिवाय राहायचा नाही, एवढं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, बबनच्या घरी या.

ते आले. बबनच्या बायकोनं, कमलवहिनींनी, पाणी दिलं आणि रजिस्टर उघडून पुढं ठेवलं. “हितं सही ऱ्हायलीय.” साहेब म्हणाले, वहिनी, गेटवर चाळीस गाड्या उभ्या आहेत, हे आपण नंतर बघू. वहिनी म्हणाल्या, “आमचे ह्ये बी लई दिस उभे व्हते तुमच्या दारात.” साहेबांचा फोन तीनदा वाजला, तिन्ही वेळा प्लँट हेड. कुणी म्हणेल, ही अडवणूक झाली. झाली. अडवलं आम्ही, आणि मला त्याची लाज नाही. त्यांनी ओळ वाचली, माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं... आणि त्यांनी सही केली. “तारीख टाका, आजची,” मी म्हटलं. मग वहिनींनी रजिस्टराचं खाकी कव्हर सोडवलं. आतल्या बाजूला, बबनच्या अक्षरात, तो शब्द. रजिस्टर रद्दीत टाकायचं आणि शब्द कागदावर ठेवायचा नाही, साहेबांचे एवढे दोनच हुकूम त्यानं मोडले होते. त्यांची गाडी गावाबाहेर पडायच्या आत त्या सहीचा फोटो मी प्लँट हेडला पाठवला.

आयटीतल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोऱ्या मशीनवर सगळं उभं केलं, आधी काय आणि मागून काय हे बबनच्याच रजिस्टरात बघून. साहेब आता त्या खुर्चीत नाहीत. कुठं गेले ते मी विचारलं नाही. समाधान झालं का? झालं. खोटं कशाला बोलू? पण बबन काही त्यानं परत येत नाही, आणि हे सुचलं की राग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

परवा पहिला शनिवार होता. पाय आपसूक वहिनींच्या घरी गेले. रजिस्टर देवळीत होतं, कव्हर परत घातलेलं. साहेबांच्या सहीच्या खाली एक ओळ कोरी होती. वहिनींना विचारून मी पेन काढलं आणि सर्व्हर परत उभा राहिला त्या दिवसाची तारीख घातली. चाचणी घेणारा : बबन. पडताळणीला माझी सही. शेरा : सगळी चलनं जुळली.