मरीमायचा गाडा

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. मी आरोग्य खात्यात नवाच होतो. पोंभुर्ण्याकडे नाल्याकाठच्या एका गावात कॉलरा लागल्याची खबर आली आणि चांद्याहून मला धाडलं. त्याच नाल्याच्या खालच्या अंगाला, पुढच्याच गावी, माझी धाकटी बहीण दिली होती. तिचं बाळ अजून रांगतही नव्हतं. सायकल मारताना माझा जीव टांगणीला लागला होता.

पाणी कुठं नासतंय, ते मला शोधायचं होतं. बाटलीत नमुना भरून धाडावा, तर उत्तर येईपर्यंत गाव ओस पडायचं. उन्हाळ्यानं नाल्याची धार पार बारीक झाली होती. बायका वाळूत झिरा उकरत आणि त्यात साचलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरत. पाणी दिसायला नितळ. आणि गाव तरी किती शिस्तीचं! प्यायचं पाणी वरच्या अंगाला, दुखणेकऱ्याचे कपडे खालच्या अंगाला, असा पाटलांचा कडक दंडक होता. नाव ठेवायला जागाच सापडेना, त्याचाच मला संताप येत होता.

शेवटी पाटलांना सोबत घेऊन नाल्यातूनच वर चालत निघालो. गावाच्या शिवेवर एका डोहात लहानसा लाकडी गाडा अर्धा बुडालेला दिसला. त्याला बांगड्या, लिंबं, कडुनिंबाचे टहाळे बांधलेले होते, आणि दुखणेकऱ्यांची चिरगुटंही. सगळी घाणीनं भरलेली. त्या डोहातलंच पाणी पुढे झिऱ्यांना येत होतं.

"वरच्या गावानं मरीमाय आमच्या शिवेत आणून सोडली," पाटील म्हणाले. "आमचाबी गाडा तयार आहे. आज खालच्या शिवेत नेऊन टाकतो, मंग गाव मोकळं."

खालच्या शिवेत! म्हणजे बहिणीच्या घागरीत. माझा तोल गेला.

"पाटील, ही काय पाहुणी आहे, या गावातून त्या गावात पोचवायला? रोग या चिंध्यांत आहे. जाळून टाका त्या!"

"मायच्या नावानं बांधलेलं जाळू? काऊन साहेब, आमचं गाव राह्यलं पाह्यजे का नाई?"

पुष्कळ हुज्जत झाली. मग पाटलांनीच तोड काढली. गाडा मायचा, पण चिरगुटं माणसांची. तेव्हा चिरगुटं गाड्यावरून सोडवून मोठ्या हंड्यात उकळायची आणि गाडा कोरडाच आपल्या शिवेवर ठेवायचा. मी लगेच कबूल झालो. त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. डोहातला गाडा बाहेर ओढून काढला, झिरे बुजवले, पाणी उकळून प्यायला लावलं आणि तसाच बहिणीच्या गावाकडे निघालो. सुटलो, असं वाटत होतं.

ती अंगणातच बसली होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला. पडवीतल्या बाजेवर बाळ निपचित पडलं होतं, डोळे खोल गेलेले. मी गाडा अडवला होता, पण पाणी तर केव्हाचंच इथे पोचलं होतं. तिच्यासमोर ताज्या लाकडाचा नवा गाडा होता आणि बाळाचं घाण झालेलं झबलं ती त्याला गाठ मारून बांधत होती.

"बरं झालं आला, भाऊ," ती म्हणाली. "तू सरकारी माणूस, तुले कोणी अडवत नाई. एवढा गाडा खालच्या शिवेपार नेऊन टाक."