खाली बसलेलं मिमोसिन

सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. पाला फार खाल्ला की मेंढीची लोकर झडते, हे पोखर्णीजवळच्या आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. नाव तेवढं मला परभणीच्या प्रयोगशाळेत कळलं. तेच मिमोसिन मी संशोधनासाठी मागवलं, तेव्हा माझे वडील, आबा, म्हणाले, "ज्यानं माझी मेंढरं उघडी पाडली, ते तू कुपीत घालून मागवायलीस? लय शिकलीस!"

मला दाखवायचं होतं एवढंच: चिरलेल्या बटाट्याला काळं पाडणारं एन्झाइम मिमोसिन रोखतं. दोनदा प्रयोग केला, दोन्ही वेळा सगळ्या नळ्या काळ्या. मार्गदर्शक सरांनी माझी वही मिटली. "शुक्रवारपर्यंत बघा, नाहीतर विषय बदलू." मला राग आला. विषय मी निवडला होता आणि तो मी सोडणार नव्हते.

रविवारी गावी मेंढरांना जंताचं औषध पाजत होते. डोकं प्रयोगातच. तीन मेंढ्या झाल्या आणि आबा ओरडले, "बाटली हलवली न्हाईस? औषध खाली बसलंय, तू नुसतं पाणी पाजायलीस!" मग म्हणाले, "मीबी एकदा असंच केलतं. तळाचं सगळं शेवटच्या मेंढीला गेलं. ती मेली, तवा कळलं."

माझा हात थांबला. मिमोसिन साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, हे मी वाचलेलं होतं. तरी द्रावण आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी वरचं नितळ तेवढं घ्यायचं, अशी आमच्या टेबलावरची रीत. तळाशी काही दिसलं तर तो कचरा समजायचा. म्हणजे मी नळ्यांनाही पाणीच पाजत होते. लाज वाटली, आणि भलताच आनंदही झाला.

सोमवारी वहीतल्या दोन्ही प्रयोगांवर आडवी रेघ मारून लिहिलं, "चूक माझी. औषध खाली बसलं होतं." मग मिमोसिन सोड्याच्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून बटाट्याच्या रसाच्या नळीत घातलं. दुसऱ्या नळीत नुसतं सोड्याचं पाणी घातलं, म्हणजे सोड्याकडे कुणी बोट दाखवायला नको. ही नळी काळी झाली. मिमोसिनची पांढुरकीच राहिली.

"एखाद्या वेळी होतं असं," सर म्हणाले. मी त्यांच्यासमोर आणखी तीनदा करून दाखवलं. त्यांनी रेघ मारलेली पानं वाचली, विषयाच्या मंजुरीच्या कागदावर सही केली आणि उठले. तारीख घालायची राहिली होती. मी कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.