काय समजलं, सांग

नमस्कार हा शब्द त्या बाईच्या तोंडून कोणी ऐकला असेल तर त्यानं पुढे यावं, मी त्याच्या घराची भिंत फुकट रंगवून देतो. माणूस दिसला की ती थेट अंगावर चालून जायची आणि म्हणायची, "काय समजलं, सांग." गावानं तिचं नावच काय-समजलं-बाई पाडलं. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण, मूळची अकोल्याची. अकोल्याचं मे महिन्याचं ऊन ती बाराही महिने सोबत बाळगायची. वरूडच्या बागेजवळून तिची स्कूटर गेली तर पिकलेली संत्री पुन्हा आंबट होतात, ही बातमी मीच पसरवली होती. पण आजवर एकाही बागवाल्यानं ती खोडून काढलेली नाही.

मी पेंटर. वलगावच्या पलीकडच्या आमच्या गावात दुकानाच्या पाट्यांपासून निवडणुकीच्या घोषणांपर्यंत सगळं माझ्या हातचं. बाईचं काम निराळं होतं. कपाशीवर फवारणी करताना माणसं चक्कर येऊन पडत होती. धोक्याची सूचना कोणाला कळते, कळली नाही तर ती कशी लिहावी, याचं संशोधन ती करायची. म्हणजे मी कृषी केंद्रासमोरच्या भिंतीवर लिहायचं, आणि तिनं तिथंच उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पकडायचं. "वाच. आता तुह्या शब्दात सांग." त्याला सांगता आलं नाही की माझ्याकडे न बघता हुकूम सुटायचा, "पेंटर, मार चुना."

पहिली ओळ वरच्या ऑफिसातून आली होती : 'कीटकनाशकांची हाताळणी करताना यथोचित संरक्षक साधनांचा अवलंब करावा.' एका म्हाताऱ्यानं ती वाचून विचारलं, "मतदान कधी हाय?" झालं, मार चुना. पुढे माझ्या सुंदर अक्षरांवर इतका चुना चढला की भिंत हातभर जाड झाली आणि एसटीला वळायला जागा उरेना. मी वैतागून म्हणालो, "मॅडम, लोकच अडाणी हायेत, त्याले भिंत काय करन?"

"लोकाईले नाही समजलं म्हंजे तुले आन मले लिवता नाही आलं. अडाणी आपण. मार चुना."

गावानं तिचा मनापासून द्वेष केला. कापसाची ती वाईट वर्षं. रोज एखादी जीप यायची, कोणी प्रश्न विचारायचं, कोणी फोटो काढायचं, धुरळा उडवून निघून जायचं. त्यामुळे प्रश्न विचारणारं माणूस दिसलं की लोक कुत्रं सोडत. तिच्यावरही सोडलं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की ते कुत्रं तिवश्यापर्यंत मागे न बघता पळालं. कोणी तोंडावर शिव्या दिल्या तरी ती हलत नसे. "शिव्या देनारा चालते," म्हणायची, "मुंडी हालवनारा नाही चालत. तो ऐकतच नाही."

शेवटी एक ओळ तिच्या परीक्षेत पास झाली : 'फवारणीसाठी वेगळे कपडे ठेवा.' ज्याला विचारावं तो बरोब्बर सांगू लागला. त्या दिवशी चुना वाचला.

त्याच हंगामात माझ्या ताईचा नवरा, देविदास भाऊजी, वावरात पंपासकट कोसळला. पंचक्रोशीत नावाजलेला फवारणीवाला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. ट्रॅक्टरमध्ये टाकून आम्ही त्याला अमरावतीला नेलं, ते नेमकं तिच्याच दवाखान्यात. दोन दिवस तो जातो की राहतो, अशी गत होती. तो शुद्धीवर आला तेव्हा खाटेशी हीच उभी. म्हणाली, "भिंतीवरचं काय समजलं होतं, सांग."

"वेगळे ठेवले ना मॅडम," भाऊजी पुटपुटला. "एक शर्ट, एक पँट. गोठ्यात खुंटीले टांगतो. पुरा हंगाम तेच घालतो."

"धुतले कधी?"

"फवारनीचेच तर हायेत. काहून धुवाव?"

ती गावात आली आणि घरोघरचे गोठे पाहत सुटली. प्रत्येक खुंटीवर एक शर्ट, औषधानं असा ताठ की हाक मारली तर स्वतःच्या पायानं वावरात जाईल. सगळ्यांनी तिचं ऐकलं होतं आणि ऐकून रोज अंगावर विष चढवलं होतं. भाऊजी घरी आला की पुन्हा तोच शर्ट घालणार होता. "माह्या ओळीनं पडला हा," ती म्हणाली आणि चुन्याची बादली माझ्या हातातून ओढून घेतली. भिंत तिनं स्वतः पुसली.

नवी ओळ तिनं आधी ताईला ऐकवली : फवारणीचे कपडे त्याच दिवशी धुवा. दवाखान्यात जागून ताई आधीच तापलेली. "धुईन कोन? मीच ना? याच्या अंगावरचं जहर माह्या हातानं उतरवू काय?"

बाईनं ताईचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाली, "पेंटर, लिव." मी लाल रंगात लिहिलं : 'फवारणीचे कपडे त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवा. ज्यानं फवारलं त्यानंच. बायकोनं नाही.'

दुसऱ्या सकाळी भिंतीवर शेण होतं. सगळे बाप्ये जमलेले, आणि सर्वांपुढे शेणानं भरलेले हात घेऊन देविदास भाऊजी. मरता मरता वाचलेला, रात्रीच दवाखान्यातून घरी आलेला माणूस, नीट उभं राहवत नव्हतं, पण शेण मारायला पोचला होता. बाईनं स्कूटर लावली, त्याच्यासमोर गेली.

"काय समजलं, सांग."

"समजलं ना," भाऊजी गरजला. "आता बाप्यानं बादली घेऊन बसाव. माहे कपडे म्याच धुवाव, त्याच दिवशी, हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत. हिनं हात लावू नये. हेच लिवलं ना तू? थू तुह्या लिवन्यावर."

ती चक्क हसली. "पुरं समजलं बे तुले. एक शब्द नाही सुटला. पेंटर, आता चुना नको मारू."

वर तक्रारी गेल्या, महिन्याभरात बाईला परत अकोल्याला पाठवलं. जाताना निरोप नाही, नमस्कार तर नाहीच. गावानं सुटकेचा श्वास इतक्या जोरात सोडला की कापूस वेळेआधी फुटला.

पुढच्या हंगामात एका संध्याकाळी मी ताईकडे गेलो. गोठ्याचं दार आतून ओढलेलं. फटीतून पाहिलं तर भाऊजी हातमोजे घालून बादलीपुढे उकिडवा बसलेला, शर्ट घासतोय आणि प्रत्येक घासण्याबरोबर त्या बाईला, तिच्या खानदानाला, सगळ्या अकोल्याला शिव्या घालतोय. मी दाराबाहेरून म्हणालो, "भाऊजी, काय समजलं, सांगा."

फटीतून साबण सणसणत आला आणि माझ्या कपाळाला लागला. मी तो उचलून आत दिला. पँट अजून धुवायची होती.