वऱ्हाडाच्या तीन गाड्या आणि काकांची वॉकीटॉकी

माझ्या चुलतभावाने डोंगरातल्या गावची, त्याच्याच शाळेतली शिक्षिका पसंत केली, तेव्हा त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, मुलीपेक्षा रस्त्याची काळजी जास्त पडली. डिंभ्याच्या पुढं मोबाइलला रेंज नाही, म्हणजे वऱ्हाडाच्या तीन गाड्या त्यांच्या हुकमाबाहेर जाणार. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून काकांच्या हाताखाली घरच्यांशिवाय कुणी उरलं नव्हतं. त्यांनी ऑनलाइन तीन वॉकीटॉकी मागवल्या.

लग्नाच्या सकाळी कळंबला आमच्या अंगणात प्रशिक्षण झालं. माहितीपत्रक डोळ्यांजवळ धरून काका म्हणाले, "चालत्या गाडीत डायवरनं ह्याला हात लावायचा न्हाई. शेजारच्यानं बोलायचं. डायवरलाच बोलायचं असंल तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं." नियम उत्तम होता. मग गाडीतला जबाबदार माणूस तोच म्हणून त्यांनी यंत्रं ड्रायव्हरांच्याच हातात दिली. स्वतः मधल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले आणि तिथलं यंत्र आपल्याकडं ठेवलं. स्वतःपुरता त्यांनी नियम पाळला.

पहिली गाडी माझी. मागं नवरदेव, शेजारी आई.

घोडेगाव येईपर्यंत यंत्र गप्प बसलं नाही. "पहिली गाडी, सावकाश. ओव्हर." "पहिली गाडी, म्हैस. ओव्हर." म्हैस माझ्या बोनेटपुढं होती, काका माझ्या मागं. तरी उत्तर दिलं नाही की लगेच, "ऐकू येतंय का? जवाब द्या!" त्यामुळं डाव्या हातात यंत्र आणि त्याच हातानं गिअर, असं माझं चाललं होतं.

घाटाच्या अवघड वळणावर काकांचा आवाज एकदम गंभीर झाला. "समद्या डायवरांनी ध्यान द्या. गाडी चालवताना वॉकीटॉकीवर बोलणं जिवाला धोक्याचं हाय. समजलं का? एकेकानं जवाब द्या. ओव्हर."

मी बटण दाबलं. "समजलं" म्हणेपर्यंत डावं चाक डोंगराकडच्या चारीत गेलं. गाडी कलली, आई दारावर रेलली, नवरदेवाचा फेटा काचेवर आपटून सुटला. उजव्या बाजूला दरी होती. 

काका धावत आले. "आत्ताच सांगितलं व्हतं ना मी!"

"तुम्हीच जवाब मागितला."

"मग थांबून द्यायचा!"

वर वाट बघणाऱ्या मुलीकडच्या माणसांना आम्ही वळणावर अडकलेलो दिसलो, तशी ती पिकअप घेऊन खाली आली. दोर बांधून त्यांनी गाडी ओढून काढली. मुलीचे मामा काकांना म्हणाले, "पावणं, एकच तर रस्ता हाय. चुकणार कुठं व्हतात?" काका फेटा बांधायला नवरदेवाकडं वळले.

गाडी निघताच पुन्हा, "पहिली गाडी—"

आईनं माझ्या मांडीवरचं यंत्र उचललं. थोरल्या दिरापुढं उभ्या जन्मात तिचा आवाज चढला नव्हता. ती म्हणाली, "भावजी, तो गाडी चालवतोय. काय सांगायचं ते मला सांगा."

यंत्र खरखरलं. मग काका म्हणाले, "न्हाई, काय न्हाई."

तेवढ्यात तिसऱ्या गाडीतून थोरल्या काकूंचा आवाज आला. त्यांनीही ड्रायव्हरकडून यंत्र काढून घेतलं होतं. "जाऊबाई, लई ब्येस झालं. बोला अजून."

ह्या यंत्रावर एकजण बोलत असला की दुसऱ्याला मध्ये शिरता येत नाही. मांडव दिसेपर्यंत दोघी जावा मानापानाच्या साड्यांवर बोलत राहिल्या, आणि मी दोन्ही हातांनी गाडी चालवली.

मांडवात पाणी घेता घेता काका व्याह्यांना सांगत होते, "वॉकीटॉकी व्हती म्हणून सुखरूप पोचलो बघा."