सालपटात शिरलेला हात

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझे मालक फौजेत होते आणि कृष्णाकाठच्या आमच्या केळीच्या बागेत मी आणि सासरे दोघंच राबत होतो. लग्नाला दुसरं वर्ष होतं. सासऱ्यांसमोर मी डोईवरचा पदर ढळू देत नसे, की त्यांच्याशी एक शब्द बोलत नसे. त्यांना काही सांगायचं झालं तर सासूबाईंच्या तोंडून.

चैत्राच्या उन्हानं घड करपायचे, केळी एका अंगानं काळी पडायची. म्हणून वाळलेली पानं नि सालपटं भोवती गुंडाळून आम्ही प्रत्येक घड झाकायचो. त्या दिवशी वाऱ्यानं सैल झालेली झाकणं पुन्हा बांधत होतो. सासऱ्यांचे गुडघे धरलेले, म्हणून शिडीवर मी. केळीचं खोड मऊ, त्याला शिडी टेकवता येत नाही. घडाला दिलेल्या टेकूवर ती कशीबशी उभी होती आणि खालून सासऱ्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरली होती.

पानं मागं सरकवायला मी डावा हात आत घातला. मनगटावरून काहीतरी गार सरकलं.

सरकतच राहिलं. संपेना.

"मामंजी..." एवढंच तोंडातून निघालं.

त्यांनी वर पाहिलं. झाकणाच्या खालून साप अर्धा बाहेर लोंबत होता.

"हलू नगंस," ते हळू म्हणाले. "हात काढू नगंस. त्याला जाऊ दे."

"माझ्या हातावर हाय वो."

"दिसतंय मला. श्वास घे. तुझ्या गावाकडं केळी हायत का गं?"

"न्हाईत," मी म्हटलं. "शाळू हाय नुसता."

"विहिरीला पाणी किती?"

मी सांगत राहिले. काय सांगितलं ते आठवत नाही. पदर खांद्यावर आला होता, घाम डोळ्यात उतरत होता. सापानं शिडीचा दांडा धरला आणि तो खाली निघाला, नेमका सासऱ्यांच्या हातांकडं. त्यांनी शिडी सोडली असती तर मी सापासकट खाली आले असते. साप त्यांच्या बोटांवरून गेला. बोटं पांढरीफटक पडली, पण पकड सुटली नाही. मग तो पाटाच्या गवतात शिरला.

"उतर आता."

उतरले आणि मटकन खाली बसले. तेही बसले. मी घागरीतलं पाणी त्यांना दिलं, पदर सावरायचं भान न राहता.

घरी सासूबाईंनी माझं उघडं डोकं बघून तोंड उघडलं, तसे सासरे म्हणाले, "तिला काय बोलायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी उरलेले घड झाकायचे होतेच. त्यांनी काठीनं एकेक झाकण ठोकून बघितलं आणि मला विचारलं, "चढतीस का, का ऱ्हाऊ दे?"

"शिडी धरा," मी म्हटलं.