जुन्या रायफलीची पिन

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. ओमानमधल्या रुसैलच्या एका वर्कशॉपमध्ये मी टर्नर होतो. पंपांचे शाफ्ट, बुश, असली कामं. ऑफिसातल्या फोनवर रत्नागिरीहून भाऊ बोलत होता.

"ताप डोक्यात गेला. काल संध्याकाळी गेली. सकाळी माती दिली. तुझ्यासाठी थांबता आलं नाही रे."

"पोरगी कुठाय?"

"अम्मीजवळ."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. केरळचा फोरमन म्हणाला, "तुम जाओ भाई, अरबाब को मैं बोलता है." पण माती तर झाली होती. दोन महिन्यांनी सुट्टी होतीच. मी परत लेथवर गेलो, अर्धा राहिलेला शाफ्ट पुरा केला. माप बरोबर आलं.

पुढच्या आठवड्यात मालकाचा, म्हणजे अरबाबचा, म्हातारा काका डोंगरातल्या गावातून आला. त्याच्याकडे चादरीत गुंडाळलेली जुनी रायफल होती, एका वेळी एकच गोळी घेणारी. ट्रिगरमागची दांडी खाली ओढली की आतला पोलादी ठोकळा खाली येतो, गोळी घालायची, दांडी परत वर. त्या ठोकळ्यात गोळीच्या बुडाला ठोका देणारी पिन असते. तिचं टोक मोडलं होतं. म्हाताऱ्याच्या नातवाचं लग्न ठरलं होतं, आणि त्यांच्याकडे लग्नात याच रायफलीचे बार काढायची रीत. तरुणपणी तो मुंबईच्या गोदीत राहिलेला, हिंदी चांगली बोलायचा.

"इसका सामान अब कहीं नहीं मिलता. तू बनाएगा?"

मी मान हलवली.

मोडक्या पिनेवरून मापं घेतली. टोक किती जाड असेल ते ठोकळ्यातल्या भोकावरून काढलं. टूल स्टीलचा तुकडा लेथवर धरला, तिच्यावरची खाच कानस धरून हातानं काढली. मग पिन भट्टीत लाल करून तेलात बुडवली. एवढ्यानं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते घासून पुन्हा हळूहळू तापवायचं आणि रंगावर नजर ठेवायची. आधी पिवळा चढतो, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. कापायच्या हत्याराला पिवळ्यावर थांबायचं, ठोका खाणाऱ्या वस्तूला निळ्यापर्यंत न्यायचं. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्या दिवशी पिवळा रंग आला आणि मी पिन उचलून गार केली.

चार दिवसांनी म्हातारा परत आला. तळहातावर पिनेचे दोन तुकडे. तिसऱ्या बारालाच मोडली म्हणे. अरबाब माझ्यावर ओरडायला लागला, तसा फोरमन मध्ये पडला.

"अरबाब, इसका औरत मर गया. घर भी नहीं गया."

म्हातारा माझ्याजवळ आला.

"नाम क्या था उसका?"

आमच्या घरात नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. मी तिला "अगं" म्हणायचो, पोरगी झाल्यावर "पोरीची आई". लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण मला सुट्टी दर दोन वर्षांनी दोन महिने. मी नाव सांगितलं. माझ्या तोंडून ते दुसऱ्याच कुणा बाईचं वाटलं.

म्हाताऱ्यानं तिथंच, ड्रिल मशीनसमोर, दोन्ही हात उचलले. कुणीतरी कॉम्प्रेसर बंद केला. त्याच्या दुआत तिचं नाव दोनदा आलं. मीही हात उचलले होते. बोटांना तेल होतं, तेवढंच आठवतं. दुआ संपल्यावर त्यानं तोंडावरून हात फिरवले.

"अब फिर से बना. आराम से."

दुसरी पिन मी निळ्यापर्यंत नेली.

लग्न शुक्रवारी होतं. अरबाब मला त्याच्या पिकअपमधून गावी घेऊन गेला. पुरुष दोन रांगांत समोरासमोर उभे राहून गात होते, ढोल वाजत होता. म्हाताऱ्यानं बार काढला, डोंगरावरून आवाज परत आला. दुसरा, तिसरा, चौथा. दर वेळी तो माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायचो. नंतर एका मोठ्या थाळीभोवती बसून सगळ्यांबरोबर भात-मटण खाल्लं. म्हाताऱ्यानं चांगले तुकडे माझ्यापुढे सरकवले. मला बरं वाटायला हवं होतं. पिन टिकली, एवढंच कळलं.

सुट्टी लागल्यावर घरी गेलो. भावानं कबर दाखवली. मी फातिहा पढलो. भाऊ रडला, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुपारी अम्मीनं बांगड्याचं कालवण केलं होतं. पोरगी तिच्या मागं उभी राहून मी कसा जेवतो ते बघत होती. मी दुसऱ्यांदा कालवण मागितलं तेव्हा अम्मीचा हात थांबला. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मग तिनं वाढलं. मी जेवलो.